हळदीकुंकवाचे पंख

आमच्या वेळी शाळेत शिवणाचा तास मुलग्यांनाही असायचा. गणेशचतुर्थीची, म्हणजे आमच्या चवथीची, सुट्टी संपवून परतलो की गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातला पाऊस ओसरू लागलेला असे, आवारात फुलपाखरांची वर्दळ सुरू होई आणि शिवणाच्या बाई गोधडीचं काम काढत. चिंध्या आम्हीच जमवायच्या: शिंप्याकडून काळ्या अस्तराचे तुकडे, घरून जुनी धोतरं, कुणाच्या आजीचं विरलेलं लाल चौकड्यांचं कापड.

बाईंची अट एकच. नुसतं फुलपाखरू शिवायचं नाही, आवारात येणारं आणि नावानिशी ओळखता येणारं शिवायचं. म्हणून आधी वही घेऊन झाडाखाली बसायचं, कापड नंतर.

साधा ठोकळा, म्हणजे गोधडीत जोडायचा नक्षीचा एक तुकडा, त्रिकोणांचा. एक गडद आणि एक फिकट असे दोन चौकोन सुलट बाजू आत ठेवून एकमेकांवर ठेवायचे, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत पेन्सिलीने रेघ मारायची, रेघेच्या दोन्ही बाजूंना पाव इंच सोडून धावदोरा घालायचा आणि मगच रेघेवर कात्री चालवायची. उघडलं की दोन दुरंगी चौकोन तयार. आधी कापून मग शिवलं तर काय बिघडतं, असं मी विचारलं होतं. बाईंनी कापडाचा तुकडा हातात दिला आणि ओढून बघायला सांगितलं. उभा-आडवा तो ताणला जात नव्हता, तिरका ओढला की लांबत होता. तिरक्या कडा मोकळ्या राहिल्या की पंख वाकडा होतो, म्हणून टाका आधी. तयार चौकोन तीन इंची हवा असेल तर मूळ चौकोन चार इंचांना एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, कमी. बाई मात्र पुरे चार कापायला लावत आणि शिवून झाल्यावर जादाचं छाटायला. अपूर्णांकांची भीती माझ्या मनातून गेली ती तिथे, गणिताच्या तासाला नव्हे. असे चार चौकोन जोडले की पंख होत. मधल्या शिवणीवर साखळी टाक्याचं अंग, देठ टाक्याच्या मिशा.

नीलवंताला काळं अस्तर आणि निळ्या ठिगळांचे पट्टे पुरत. (२०१५ साली महाराष्ट्राने त्याला राज्य फुलपाखराचा मान दिला, तेव्हा मला बाईंची आठवण झाली.) कढीलिंबावरची लिंबाळी फुलपाखरंही सोपी. कस लागे तो हळदीकुंकू नावाचं फुलपाखरू शिवताना. पंख उघडे दाखवले तर ते बहुतेक पांढरं, काळ्या शिरांचं. खरी शोभा मागच्या पंखाच्या खालच्या अंगाला, पिवळ्या रंगावर आणि काठच्या लाल-केशरी ठिपक्यांत. ते उडतं झाडांच्या शेंड्यांवरून, त्यामुळे खालून पाहणाऱ्याला हीच बाजू दिसते. त्याची अळी बांडगुळाची पानं खाते. आमच्या आवारातल्या आंब्यावर बांडगूळ होतं, म्हणून ते आमच्याकडे नेमाने यायचं. हा भडक रंग पक्ष्यांना बजावतो की मी बेचव आहे. तेव्हा हा एकच ठोकळा मिटल्या पंखांचा, एका बाजूचा: हळदी रंगाचं कापड, काठाला कुंकवाच्या रंगाचे चिमुकले त्रिकोण, शिरांना काळा दोरा. असा नेमका ठोकळा मी पुढे कुठल्याच विकतच्या गोधडीत पाहिला नाही.

नोकरीमुळे मी काही वर्षं कर्नाटकातल्या यल्लापूरकडे होतो. तिथल्या सिद्दी, म्हणजे मूळ आफ्रिकी वंशाच्या समाजातल्या, बायका कवंदी ही त्यांची गोधडी शिवताना कडेपासून सुरुवात करून आत मध्याकडे येतात आणि कोपऱ्यांवर घडी घातलेल्या कापडाचे ‘फुला’ लावतात. आमची रीत ठोकळ्यांची, त्यांची अखंड. दोन्हींत जुन्या कापडाला पुन्हा मान मिळतो, हे मला फार मोलाचं वाटतं. आमच्या घराण्यात बाळ जन्मलं की त्याची गोधडी मीच शिवतो.

शिवणाचा तास आता वेळापत्रकात नाही असं कळलं. शाळेच्या सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने व्यवस्थापनाला माझी विनंती आहे की शनिवारी शाळा सुटल्यावर एक वर्ग उघडा ठेवावा. मी येईन. कापड, कात्र्या, सुया माझ्याकडून. मुलं आणि मुली दोघांनाही बसवा. आणि तोवर आंब्यावरचं बांडगूळ छाटू नका.