माहेरच्या गावावर विकिपीडियात लेख लिहिला, तो टिकला कसा

विकिपीडियावर कोणीही लिहू शकतं हे खरंच आहे, पण लिहिलेलं टिकेलच असं नाही, आणि सगळी मेहनत त्या टिकण्यातच आहे. मला बऱ्याच जणांनी विचारलं की तू गावाचं पान कसं केलंस, आमचं तर कोणीतरी उडवून टाकलं, म्हणून जरा सविस्तर लिहिते. ज्यांना फक्त कुठलं बटण दाबायचं ते हवंय त्यांनी मधले दोन-तीन परिच्छेद सोडले तरी चालेल.

मराठी विकिपीडिया १ मे २००३ ला सुरू झाला आणि त्यावर गावांची हजारो पानं आहेत. त्यातली पुष्कळशी उघडली की एवढंच दिसतं, २०११ च्या जनगणनेनुसार इतकी कुटुंबं, इतकी लोकसंख्या, क्षेत्रफळ इतके हेक्टर, संपलं. माझं माहेर पारनेर तालुक्यातलं, तिथल्या आजूबाजूच्या गावांची अशी पानं होती, आमचं तेवढंही नव्हतं. आमच्याकडे जुनी बारव, म्हणजे पायऱ्यांची विहीर आहे, जत्रा आहे, आठवडी बाजार आहे, म्हटलं बघूया करून.

खातं उघडायला काही लागत नाही, टोपणनाव चालतं, ईमेलसुद्धा सक्तीचा नाही, पण देऊन ठेवा, पासवर्ड विसरलात तर तोच एक मार्ग. एक मात्र सांगते, खातं एका माणसाचं असतं. माझा चुलतभाऊ म्हणाला, ताई, मंडळाच्या नावाने उघडू ना, सगळे मिळून लिहू. त्याला म्हटलं अजिबात नको. इंग्रजी विकिपीडियावर तर संस्थेच्या, दुकानाच्या किंवा मंडळाच्या नावाचं खातं ब्लॉकच करतात, आणि एक खातं चौघांनी वापरणं हेही बसत नाही. त्याने स्वतःच्या नावाने काढलं आणि नंतर कधी उघडलं नाही, ते सोडा.

मग मी लगेच पान बनवायला घेतलं नाही. इंग्रजीत नवीन माणसाला थेट लेख बनवताच येत नाही, खातं किमान चार दिवस जुनं आणि किमान दहा संपादनं झालेली लागतात, नाहीतर मसुदा करून तपासणीला टाकायचा. मराठीत मला तशी अडवणूक लागली नाही, पण तीच शिस्त स्वतःला लावून घेतली. शेजारच्या गावांच्या पानांवर शुद्धलेखन दुरुस्त केलं, मेलेल्या लिंका बदलल्या, कुठे तालुका चुकला होता तो नीट केला. प्रत्येक वेळी खाली आढाव्याची रिकामी चौकट येते, तिथे काय बदललं ते चार शब्दांत लिहायचं. लोक ती चौकट रिकामी सोडतात आणि मग म्हणतात माझा बदल उलटवला. अहो, नवे बदल तपासत गस्त घालणाऱ्याला समोर फक्त एवढंच दिसतं की नवीन सदस्याने दोनशे अक्षरं काढली, का काढली ते कळायला तो काय मनकवडा आहे का! आणि इतिहासाचं पान वाचायची सवय लावा, कोणी काय लिहिलं आणि कोणी काय कारण देऊन काढलं ते सगळं तिथे तारीखवार असतं. मदतीच्या पानांपेक्षा मी तिथेच जास्त शिकले. लेख मात्र आधी धूळपाटीवर लिहिला, म्हणजे आपल्या सदस्यपानाखालचं कच्चं पान, तिथे कितीही खाडाखोड करा.

आता उल्लेखनीयता, म्हणजे एखाद्या विषयाला स्वतंत्र पान मिळावं का याचा निकष. याच्यावर लोक सगळ्यात जास्त चिडतात. गावाचा प्रश्न सोपा आहे, सरकारदरबारी नोंद असलेलं वस्तीचं गाव असेल तर सहसा कोणी हरकत घेत नाही, जनगणनेत सहा आकडी गावकोड असतो तो दिला की झालं. पण गावातल्या देवळाचं वेगळं पान, शाळेचं वेगळं, युवा मंचाचं वेगळं, हे नाही चालत. त्या विषयावर दुसऱ्या कोणीतरी, ज्याचा त्यात काही स्वार्थ नाही अशाने, नीट विस्ताराने लिहून छापलेलं असलं पाहिजे. एका ओळीत उल्लेख आला एवढ्याने भागत नाही. मी सगळं गावाच्या पानातच घातलं आणि माझ्या मते तेच बरोबर आहे, चार ओळींची दहा पानं करून कोणाचं भलं होतं?

खरी वणवण झाली ती संदर्भांसाठी.

विकिपीडियाचा प्रश्न 'हे खरं आहे का' असा नसतो, 'हे कुठे छापलंय' असा असतो. आणि आपल्या गावांबद्दल छापलेलं असतं किती? मी काय काय शोधलं ते सांगते. पहिलं, जिल्हा जनगणना पुस्तिका, जनगणनेच्या साइटवर पीडीएफ मिळते, तिच्यात गावातल्या शाळा, दवाखाना, पाण्याची सोय, जवळचं शहर किती किलोमीटर, सगळं तक्त्यात असतं, फक्त आकडे २०११ चे आहेत हे लेखात लिहायचं. दुसरं, इंग्रजांच्या काळातलं बॉम्बे प्रेसिडेन्सी गॅझेटियर. अहमदनगरचा खंड १८८४ चा, इंटरनेट अर्काइव्हवर स्कॅन आहे. त्यात आमच्या गावावर जेमतेम चार ओळी निघाल्या, लोकसंख्या आणि बाजाराचा वार, पण मला इतका आनंद झाला की विचारू नका, कारण बाजार आजही त्याच वारी भरतो. जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालंय तरी संदर्भ देताना जुन्या ग्रंथाचं नाव जसं छापलंय तसंच द्यायचं, ते आपण बदलायचं नसतं. तिसरं, पेपरच्या जिल्हा आवृत्त्या. जत्रेची बातमी दरवर्षी येते, पण ऑनलाइन लिंक काही महिन्यांनी मरते, म्हणून लिंक सापडली की लगेच अर्काइव्ह करून ठेवायची. कागदी कात्रणही चालतं बरं का, संदर्भ ऑनलाइनच हवा असा काही नियम नाही. पेपरचं नाव, तारीख, पान क्रमांक नीट द्या, बस.

न चालणारे म्हणजे फेसबुक पोस्ट, यूट्यूबवरचे ड्रोन व्हिडिओ, कोणाचाही ब्लॉग, आणि विकिपीडियाचंच दुसरं पान. आणि आमचे काका.

काकांचा फोन आला, 'अगं, गावाचं लिहितेयस असं कळलं. सरपंचांचं नीट टाक हं, पाण्याची टाकी त्यांनीच आणली.'

'टाकते ना काका, फक्त छापून आलेलं काहीतरी दाखवा.'

'छापून कशाला? मी सांगतोय ना! माझ्यासमोर झालंय सगळं.'

'तुम्ही खोटं बोलताय असं कुठे म्हणतेय मी? पण उद्या विरोधी पार्टीतला कोणी म्हणेल त्याच्या काकांसमोर झालंय, मग?'

यावर काका थोडा वेळ गप्प, आणि मग त्यांनी पेपरचं एक पान फोटो काढून पाठवलं. वाढदिवसाची पुरवणी! वर सरपंचांचा हार घातलेला फोटो, खाली 'विकासपुरुष', आणि त्याच्याखाली शुभेच्छुकांची नावं. ही जाहिरात आहे, पैसे देऊन छापलेली, ती संदर्भ म्हणून घेता येत नाही हे काकांना पटवायला त्या टाकीला लागला असेल तेवढा वेळ लागला. टाकीचं बांधकाम शेवटी एका साध्या बातमीत सापडलं, त्यात सरपंचांचं नाव नव्हतं, योजनेचं होतं, तेवढं घातलं.

बारवेचा किस्सा मात्र मला स्वतःला अजून बोचतो. आमच्या बारवेत उतरताना डाव्या हाताला कोनाड्याच्या वर एक शिलालेख आहे. वर्षानुवर्षं शेंदूर-तेल लावून अक्षरं बुजलीत, पण सकाळचं ऊन तिरपं पडतं तेव्हा पहिली ओळ दिसते, शके, मग एक, मग सहा, पुढचे दोन आकडे झिजलेले. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, म्हणजे बारव साधारण सतराव्या-अठराव्या शतकातली असं शाळेतलं पोरही सांगेल. पण मी डोळ्यांनी वाचलं आणि हिशोब केला हे मूळ संशोधन झालं आणि ते विकिपीडियावर चालत नाही. कोणीतरी अभ्यासकाने ते वाचन आधी कुठेतरी प्रसिद्ध केलेलं हवं, भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या संस्थेच्या त्रैमासिकात म्हणा किंवा एखाद्या शिलालेखसंग्रहात. पहिल्यांदा मला हे अतिच वाटलं. मग इतर बारवांची पानं चाळली तर जिथे तिथे 'शिवकालीन', 'पांडवकालीन', 'अहिल्यादेवींनी बांधलेली', पुरावा कशालाच नाही, आणि त्या सगळ्यांनाही आपण डोळ्यांनी पाहिलंय असंच वाटत असणार. म्हणून लेखात काळ लिहिला नाही. शिलालेखाचा फोटो मात्र चढवला आणि लेखाला जोडलेल्या चर्चा पानावर नोंद केली, वाचन कुठे छापलं असेल तर कळवा. चर्चा पानावर शेवटी चार टिल्डे (~~~~) टाकायचे म्हणजे आपली सही आणि वेळ आपोआप उमटते, लेखात मात्र सही करायची नसते.

भाषेचं थोडक्यात. 'जागृत देवस्थान', 'नवसाला पावणारा', 'पंचक्रोशीत प्रसिद्ध', 'निसर्गाच्या कुशीत वसलेलं टुमदार गाव', हे सगळं कापायचं. श्री, ह.भ.प., मा. वगैरे उपाध्याही. 'नवसाला पावतो' असं आपण लिहायचं नाही, 'नवस फेडायला भाविक येतात' असं लिहायचं, आणि त्यालाही बातमीचा संदर्भ. कापताना जीवावर येतं, पण कापल्यावर लेख वाचनीय होतो.

कॉपीराइटवर लोक फार हलगर्जीपणा करतात. मराठी विश्वकोश नेटवर फुकट वाचायला मिळतो, जिल्ह्याच्या सरकारी साइटवर माहिती असते, म्हणून उचलून चिकटवली असं होतं, आणि असं पान दिसलं की ते काढतातच, त्यात चर्चेला फारशी जागा नसते. फुकट वाचता येणं वेगळं आणि प्रताधिकारमुक्त असणं वेगळं. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतो. ज्ञानकोशकार श्री. व्यं. केतकर १९३७ ला गेले म्हणून त्यांच्या ज्ञानकोशातलं लेखन आता खुलं आहे, ते नाव देऊन घेता येतं, पण शंभर वर्षांपूर्वीची लोकसंख्या आणि रस्ते आजचे म्हणून घालू नका म्हणजे झालं. बाकी सगळं वाचायचं, पुस्तक मिटायचं आणि स्वतःच्या वाक्यात लिहायचं. आपण लिहिलेलंही क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली जातं, उद्या कोणी ते पुस्तकात छापून विकलं तरी श्रेय दिलं आणि तोच परवाना ठेवला की आपल्याला तक्रार करता येत नाही. हे मान्य नसेल तर सेव्ह करायच्या आधी विचार करा, नंतर नाही.

फोटो कॉमन्सवर, म्हणजे विकिपीडियाच्या फोटोंच्या सामायिक भांडारात चढवायचे आणि ते शक्यतो स्वतः काढलेलेच हवेत. गावच्या ग्रुपवर आलेला जत्रेचा सुंदर फोटो मला घालता आला नाही, कारण तो ज्याने काढला त्याने स्वतः चढवायला हवा किंवा परवानगीचा ईमेल करायला हवा, आणि तो नेमका कोणी काढला तेच कोणाला माहीत नाही. चौकातल्या पुतळ्याचा किंवा देवळाचा फोटो चालतो, कायम सार्वजनिक जागी असलेल्या शिल्पाचा आणि इमारतीचा फोटो काढायला आपल्या १९५७ च्या कायद्यात सूट आहे. फ्लेक्सचा मात्र नाही चालत. आणि आमच्या चौकात फ्लेक्स नाही असा कोन शोधणं म्हणजे... दुसऱ्या दिवशी सकाळी परत जाऊन मागच्या गल्लीतून काढला एकदाचा.

पान प्रसिद्ध केल्यावर माहितीचौकट लावली, वर्ग घातले आणि विकिडाटाला, म्हणजे विकिपीडियाच्या सामायिक माहितीसाठ्याला जोडलं. थोड्याच वेळात एका जुन्या सदस्याने दोन वाक्यांवर 'संदर्भ हवा' चिकटवलं आणि जत्रेचा एक परिच्छेद काढला, कारण दिलं होतं 'वर्णनात्मक, स्रोत नाही'. मी परत टाकला नाही. असे तीन-तीन वेळा एकमेकांचे बदल उलटवत बसलं की दोघंही ब्लॉक होऊ शकतात, कोण बरोबर होतं ते मग कोणी बघत नाही. चर्चा पानावर विचारलं, बातमी दाखवली तर चालेल का? उत्तर आलं, चालेल, पण काठीच्या मिरवणुकीचा क्रम एवढा लांबवू नका. ते मला पटलं नाही, आमच्याकडे क्रमालाच महत्त्व आहे, त्यावरून भांडणं झालीयेत. तसं मी लिहिलं. मग त्यांनीच सुचवलं की त्या वादाची बातमी असेल तर क्रम राहू दे. बातमी होती! क्रम राहिला.

काका आता माझ्यापेक्षा पुढे गेलेत. शाळेच्या लायब्ररीतून जत्रेची जुनी स्मरणिका शोधून काढली आणि पानन् पान फोटो पाठवले. स्मरणिका देवस्थाननेच छापलेली, त्यामुळे देवळाची थोरवी त्यातून घेता येत नाही, पण जत्रेची तिथी आणि ट्रस्टच्या स्थापनेचं साल अशा साध्या, वादात नसलेल्या गोष्टींसाठी ती चालते, तेवढं घेतलं. काका विचारत होते, मग त्यातला त्यांचा लेख? म्हटलं, काका, तो वाचला मी, छान आहे, पण नाही.