गाठीचं पाणी तोडलं, तर केमो कसा पोचणार?

तासगावकडचे एक द्राक्ष बागायतदार. मोठ्या आतड्याचा कॅन्सर यकृतात पसरलेला. सांगलीतल्या आमच्या डे-केअरमध्ये केमोसोबत बेव्हासिझुमॅब सुरू करायचं होतं. संमतीपत्रावरच्या सहीआधी मी नेहमीचं सांगितलं: गाठ स्वतःसाठी नव्या रक्तवाहिन्या फुटवून घेते, हे इंजेक्शन त्या फुटव्याचा इशारा अडवतं. बीपी वाढू शकतं. ऑपरेशन ठरलं तर निदान २८ दिवस आधी थांबवायचं.

त्यांनी पेन खाली ठेवलं. "डॉक्टर, गाठीचं पाणीच तोडायचं म्हणताय. मग केमो कुठल्या वाटेनं जाणार तिथं?"

मुलगा त्यांना गप्प करायला लागला. मी त्यालाच थांबवलं. शिकाऊ डॉक्टरही हे विचारत नाहीत! गाठीची रसद तोडायची कल्पना अमेरिकन सर्जन ज्युडा फोकमन यांनी १९७१ मध्ये मांडली. पण हे कोडं सोडवायला बोस्टनचे संशोधक राकेश जैन यांनी २००१ मध्ये वेगळा विचार पुढे आणला. गाठीतल्या वाहिन्या वेड्यावाकड्या, गळक्या. आत दाब वाढतो, औषध शिरत नाही. इंजेक्शनने काही काळ त्या जरा सुधारतात, आणि तेवढ्यात केमो आत पोचतो.

"म्हंजे ठिबक जागोजाग फुटलंय म्हणा. आधी ते नीट करायचं."

अगदी तेच.

मग मुलाने मोबाइलवर वाचलेलं काढलं. "गाठ साखरेवर जगते ना? बाबांची साखर बंद करू?" नको, म्हटलं, खाणं तोडलं तरी शरीर रक्तातली साखर टिकवतंच, वजन मात्र बाबांचं जाईल.

गंमत अशी, की साखर फक्त गाठच जाळत नाही. वाहिन्यांच्या अस्तराच्या पेशी रक्ताला, म्हणजे ऑक्सिजनला चिकटून बसलेल्या. तरी ८५ टक्क्यांपर्यंत ऊर्जा ऑक्सिजनशिवाय साखर फोडूनच मिळवतात. नवा फुटवा जिथे घुसतो तिथे ऑक्सिजन तुटपुंजा, म्हणून ही सवय उपयोगी. बेल्जियममधले संशोधक पीटर कार्मेलिएट यांच्या गटाने उंदरांमध्ये या पेशींचं पीएफकेएफबी३ हे साखर फोडायला वेग देणारं एन्झाइम बेताने मंदावलं, तर गाठीतल्या वाहिन्या घट्ट झाल्या, केमो जास्त लागू पडला, कॅन्सर कमी पसरला. बेताने, हे महत्त्वाचं. असं औषध आमच्या कपाटात अजून नाही, हेही त्यांना सांगितलं.

"उंदरावर झालं म्हणताय, मग ऱ्हाऊ दे. आज हाय ते द्या," म्हणत त्यांनी सही केली.

पहिला डोस दीड तास चालतो. तेवढ्यात सिस्टरनी मुलाला घरचं बीपी मशीन लावायला शिकवलं.