इन्स्टॉलमागे ८३ पैसे

सप्टेंबरचा दुसरा-तिसरा आठवडा म्हणजे सीएच्या ऑफिसात चहा गार होण्याचे दिवस. पंधराला ॲडव्हान्स टॅक्सचा दुसरा हप्ता, वीसला जीएसटीचं ३बी, तीसला टॅक्स ऑडिट. २०२३ साली त्यात कांद्याची भर पडली होती. १९ ऑगस्टला केंद्राने कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क लावलं आणि पिंपळगाव बसवंतचे माझे निर्यातदार क्लायंट दिवसाआड फाइल घेऊन येऊन बसायला लागले. बुधवारी, १३ तारखेला, त्यांच्यातलेच एक शेठ समोर होते आणि दाराशी पतंगवाले उभे राहिले.

पतंगवाले हे आमच्या आर्टिकल्सनी, म्हणजे ऑफिसात काम शिकणाऱ्या सीएच्या पोरांनी, ठेवलेलं नाव. दोघे मित्र, एक कोड लिहितो, दुसरा चित्रं काढतो. नाशिकच्या इंदिरानगरातल्या एका फ्लॅटच्या हॉलमध्ये त्यांची एलएलपी, म्हणजे भागीदारीतली छोटी कंपनी, चालते. त्यांचा पतंगाचा मोबाइल गेम आहे. येवल्याच्या गच्च्या, हातात आसारी म्हणजे मांजाची फिरकी, काटाकाटी. चित्रवाला मूळचा येवल्याचा, त्यामुळे भोगी, संक्रांत आणि करीचे तिन्ही दिवस गेममध्ये आहेत. गेम फुकट, कमाई जाहिरातींची. वर्षातले निम्मे डाउनलोड जानेवारीत होतात. पैसा परदेशातून डॉलरमध्ये येतो म्हणून एलयूटी हे हमीपत्र भरून जीएसटी न लावता निर्यात दाखवायची, एवढं त्यांचं सोपं खातं. ज्या सॉफ्टवेअरवर ते गेम बनवतात, ज्याला ते इंजिन म्हणतात, त्याचं नाव युनिटी; मला ते माहीत होतं ते त्यांच्या खर्चातली एक ओळ म्हणून. माणशी वर्षाला ३९९ डॉलरचा प्लस प्लॅन, त्यावर आरसीएमने, म्हणजे विकणाऱ्याऐवजी घेणाऱ्याने भरायच्या पद्धतीने, १८ टक्के जीएसटी आपणच भरायचा आणि आपणच क्रेडिट घ्यायचं.

"मॅडम, ॲडव्हान्स टॅक्सचा अंदाज बदलावा लागेल," कोडवाला म्हणाला. "काल रात्रीपासून सगळंच बदललंय."

आदल्या दिवशी, १२ सप्टेंबरला, युनिटीने रनटाइम फी जाहीर केली होती. १ जानेवारी २०२४ पासून ठरावीक मर्यादेपुढे गेम जितक्यांदा नव्याने इन्स्टॉल होईल तितक्यांदा पैसे. फुकटच्या पर्सनल प्लॅनवाल्यांना आणि प्लसवाल्यांना इन्स्टॉलमागे २० सेंट, महागड्या प्रो प्लॅनवाल्यांना १५ सेंटपासून खाली. अमेरिका, जपान, जर्मनी अशा मोजक्या देशांसाठी हे दर. भारतासारख्या देशांतल्या इन्स्टॉलला पर्सनलवर २ सेंट, प्रोवर १ सेंट. प्लस प्लॅन नव्या लोकांसाठी बंद. दोघांनी रात्रभर कॅल्क्युलेटर बडवला होता. २० सेंट म्हणजे साडेसोळा रुपये, गुणिले त्यांचे आजवरचे इन्स्टॉल. जो आकडा आला त्यात फ्लॅट विकला असता, आणि फ्लॅट भाड्याचा.

मी मूळ घोषणा उघडून वाचली. आमच्या धंद्यात बातमी वाचत नाहीत, परिपत्रक वाचतात. त्यात दोन अटी होत्या आणि त्यांच्यामध्ये 'किंवा' नव्हतं, 'आणि' होतं. गेल्या बारा महिन्यांत गेमचं उत्पन्न २ लाख डॉलर आणि आजवरचे इन्स्टॉल २ लाख. इन्स्टॉलची अट त्यांनी कधीच ओलांडली होती. पण २ लाख डॉलर म्हणजे १ कोटी ६६ लाख रुपये. त्यांचा गेम त्याच्या दशांशालाही पोचत नव्हता. फी शून्य. मी तसं सांगितलं तेव्हा चित्रवाल्याने आधी मित्राकडे पाहिलं आणि मग पाण्याची बाटली तोंडाला लावली.

शेठ इतका वेळ ऐकत होते. त्यांनी विचारलं, "ताई, जुन्या मालालाही लागू आहे का हो?"

कांद्याचे कंटेनर अडकलेला माणूसच हा प्रश्न विचारू शकतो. उत्तर अर्धं हो होतं. आधी झालेल्या इन्स्टॉलवर पैसे नाहीत, पण मर्यादा मोजताना ते धरायचे. आणि चार वर्षांपूर्वी बनवलेला गेम असला तरी जानेवारीपासूनच्या त्याच्या नव्या इन्स्टॉलला फी. गेम बनवताना जो करार समोर होता, त्यात हे कुठेच नव्हतं. जगभरातले गेमवाले चिडले होते ते रकमेपेक्षा यावर. शिवाय मोजणार कोण, तर युनिटी स्वतःच्या अंदाजपद्धतीने. तोच मोजणार, तोच बिल काढणार. एकाच फोनवर काढून पुन्हा टाकला तर दोनदा पैसे, असंही आधी सांगितलं गेलं आणि मग मागे घेतलं.

मला यात वेगळीच गोष्ट दिसत होती. युनिटीची स्पर्धक अनरीयल ५ टक्के घेते, तेही एका गेमने आयुष्यभरात १० लाख डॉलर कमावल्यावर, वरच्या रकमेवर. ती टक्केवारी आहे. कमाई नसेल तर देणं नाही. ही फी जकातीसारखी होती. नाक्यावरून ट्रक आत आला की पावती फाडायची, माल विकला जावो की गोदामात सडो. नाशिकची जकात २०१३ साली गेली, पण ज्यांनी ती भरली ते व्यापारी अजून तिचं नाव काढलं की तोंड कडू करतात. अमेरिकेतला खेळाडू जाहिरातींतून जेवढे देतो तेवढ्यात २० सेंट कदाचित निघतील. आपल्याकडच्या फुकट गेममध्ये एका इन्स्टॉलमागे आयुष्यभरात चार रुपये मिळाले तर लोक पेढे वाटतात.

पण तुम्हाला शून्य आहे, आणि हप्त्याची पंधरा तारीख परवा आहे, एवढं म्हणून मी त्यांना वाटेला लावलं. ॲडव्हान्स टॅक्सचा आकडा तोच राहिला.

दुसऱ्या दिवशी पोळा. ऑफिसला निम्मी पोरं गावी गेलेली. अकराच्या सुमाराला कोडवाल्याचा मेल आला, विषय नुसताच 'मॅडम बघा'. सोबत पब्लिशरचा सुधारित करार.

पब्लिशरची गोष्ट आधी सांगायला हवी होती. एका मोठ्या शहरातली कंपनी गेले काही महिने या दोघांच्या मागे होती. पतंगाचा गेम आम्ही आमच्या खात्यावरून काढतो, जाहिरातीवर पैसे ओततो, जाहिरातखर्च वजा जाता जे उरेल त्यातले ४० टक्के तुमचे. कराराचा मसुदा मीच तपासला होता, सह्या गणपतीनंतर व्हायच्या होत्या. नव्या मसुद्यात एकच बदल होता, कलम ११. इंजिनसंबंधी आज लागू असलेली किंवा पुढे लागू होणारी कुठलीही फी विकसकाच्या हिश्श्यातून वजा होईल आणि हिस्सा कमी पडल्यास फरक विकसकाने भरावा.

घोषणेला दोन दिवसही झाले नव्हते. इतक्या तातडीने मला आजवर कुठल्या कंपनीने टीडीएसचं सर्टिफिकेट पाठवलेलं नाही.

मी कागद घेतला. आकडे माझे नव्हते, पब्लिशरनेच मुलांना भुरळ घालायला पाठवलेल्या तक्त्यातले होते. भारतातल्या एका इन्स्टॉलमागे कमाई ४ रुपये. तो इन्स्टॉल आणायला जाहिरातखर्च अडीच रुपये. उरला दीड. त्यातले पब्लिशरचे ९० पैसे, मुलांचे ६०. पब्लिशरकडे प्रो लायसन्स, म्हणजे त्याची मर्यादा १० लाख डॉलर उत्पन्न आणि १० लाख इन्स्टॉल. ती ओलांडल्यावर भारतातल्या इन्स्टॉलला १ सेंट, त्या दिवशीच्या भावाने ८३ पैसे.

साठातून त्र्याऐंशी गेले तर उणे तेवीस.

मर्यादेच्या अलीकडे मुलं कमावणार होती, हे खरं. पण तक्त्यातल्या दुसऱ्या वर्षी ३ कोटी इन्स्टॉल आणि १२ कोटी उत्पन्न लिहिलेलं होतं, आणि १० लाख डॉलर म्हणजे तेव्हाचे ८ कोटी ३० लाख. म्हणजे त्यांच्याच हिशेबाने दोन कोटींच्या थोड्या पुढे गेल्यापासून प्रत्येक नवा पतंग उडवणारा या दोघांना २३ पैशांनी खड्ड्यात घालणार होता. एका कोटीमागे २३ लाख. जाहिरात चालू ठेवायची की थांबवायची हे ठरवणार पब्लिशर, आणि त्याचे ९० पैसे कुठेच हलत नव्हते. गेम जितका चालेल तितके बनवणारे बुडतील, असा करार माझ्या टेबलावर प्रथमच आला होता. टर्नओव्हर वाढला की तोटा वाढतो असे धंदे मी सातपूर-अंबडच्या कारखान्यांत पाहिलेत, पण तिथे मालक निदान मशीन बंद करू शकतो.

दुपारी दोघांना बोलावलं आणि स्पीकरवर पब्लिशरच्या करार बघणाऱ्या बाईंना फोन लावला. त्या अगदी सौजन्याने बोलत होत्या. हे स्टँडर्ड कलम आहे. सगळ्यांनाच पाठवलंय. आणि इतका धंदा होईल तेव्हाच फी लागेल ना?

"तक्ता तुमचाच आहे," मी म्हटलं. "तो खोटा आहे असं लिहून द्या, मी आत्ता सही करायला सांगते."

पलीकडे थोडा वेळ कीबोर्डचा आवाज आला. मी दोन पर्याय ठेवले. फी एकूण उत्पन्नातून जाहिरातखर्चासारखीच आधी वजा करा, म्हणजे दोघांनाही आपापल्या हिश्श्याएवढा चटका बसेल. नाहीतर विकसकाचा हिस्सा शून्याखाली जाणार नाही, एवढं वाक्य घाला. दोन्हीला नकार आला, तोही त्या वरच्यांना विचारून दहा मिनिटांत. त्यावरून मला कळलं की हे कलम घाईत लिहिलेलं नाही.

चित्रवाल्याला सही करायची होती. त्याच्या घरी लग्नाची बोलणी चालू होती आणि 'पब्लिशरने घेतलाय' हे वाक्य सोयरिकीत कामाला येतं. कोडवाला गप्प होता. मी सल्ला दिला नाही. कागदावरचं उणे तेवीस तेवढं त्यांच्याकडे वळवून ठेवलं. ते कागद घेऊन गेले.

पुढचा आठवडा त्यांचा कसा गेला ते मला तुकड्या-तुकड्यांनी कळलं. टेरारिया हा गेम बनवणाऱ्या री-लॉजिक कंपनीने गोडो या मुक्त इंजिनला १ लाख डॉलरची देणगी जाहीर केली, तेव्हा कोडवाल्याने गोडो उतरवून घेतलं. २२ तारखेला, ऐन गौरीपूजनाच्या दिवशी, युनिटीने माफीचं पत्र काढलं. पर्सनलला फी नाही, पर्सनल वापरता येण्याची उत्पन्नमर्यादा १ लाखावरून २ लाख डॉलर, फी फक्त २०२४ मध्ये येणाऱ्या नव्या आवृत्तीपासून, आणि इन्स्टॉलची फी किंवा उत्पन्नाचे अडीच टक्के यातलं जे कमी असेल ते. संख्याही विकसकानेच कळवायची. पुरणाची पोळी लाटताना मी फोनवर एवढंच म्हटलं, की ही आता टक्केवारी झाली, चार रुपयांवर जास्तीत जास्त दहा पैसे. पब्लिशरला विचारा, कलम काढतात का.

नाही काढलं. 'आज लागू असलेली किंवा पुढे लागू होणारी' हे शब्द त्यांना हवेच होते. सह्या झाल्या नाहीत. जानेवारीत गेम नेहमीसारखा स्वतःच्या खात्यावरून चालला, जुन्याच आवृत्तीत बांधलेला. त्याआधी, ९ ऑक्टोबरला, युनिटीचे प्रमुख जॉन रिचिटेलो पायउतार झाले, ती बातमी कोडवाल्याने मला पाठवली; आमच्याकडे तेव्हा ऑडिटनंतरची झोप चालू होती.

पुढचा गेम त्यांनी गोडोत केला, भोवऱ्यांचा. एमआयटी लायसन्स, म्हणजे इंजिनला द्यायचं काही नाही. फुकट मात्र म्हणता येणार नाही. युनिटीतल्या सी-शार्प भाषेची सवय सोडून गोडोची जीडीस्क्रिप्ट शिकणं, जाहिरातींचं प्लगइन कुणी तरी हौसेने बनवलेलं, ते नव्या अँड्रॉइडवर अडलं की स्वतःच उघडून बघायचं. चार-पाच महिने उत्पन्नाच्या रकान्यात फक्त पतंग होता. त्या काळाचा खर्च कुठल्या दरपत्रकात छापलेला नसतो, तो मला त्यांच्या बँक स्टेटमेंटात दिसत होता.

१२ सप्टेंबर २०२४ ला युनिटीने गेमवरची रनटाइम फी रद्दच केली. बदल्यात प्रोचा दर २,०४० वरून २,२०० डॉलर, जानेवारी २०२५ पासून. त्यानंतर काही आठवड्यांनी तोच पब्लिशर भोवऱ्यांसाठी आला. मसुदा तोच, हिस्सा ४० टक्के, आणि कलम ११ शब्दन् शब्द जागेवर.

कोडवाला ते खोडायला पेन काढत होता. मी थांबवलं. "राहू दे. गोडोला फी आहे का?"

"नाही."

"उद्या लावली तर?"

"ज्या आवृत्तीत गेम बांधलाय तिच्यावर लावताच येत नाही."

मग मी मेल लिहिला. इंजिनच्या फीची सगळी जबाबदारी, आजची आणि पुढची, आमचे क्लायंट आनंदाने घेतात. मात्र एवढी जोखीम अंगावर घेतल्याबद्दल हिस्सा ४० ऐवजी ४५ टक्के हवा.

संध्याकाळपर्यंत त्यांचं उत्तर आलं. ४३ देतो म्हणाले. आम्ही घेतले.