आईचं नाक आणि छाती
म्हापशात पाऊस लागला की आईचा खोकला सुरू. ब्राँकिएक्टेसिस आहे तिला, म्हणजे श्वासनळ्या कायमच्या रुंदावलेल्या आणि त्यात कफ साचून राहतो. पण नाक चोंदणं, गाल ठणकणं हे आम्ही वर्षानुवर्षं सर्दी म्हणून सोडून दिलं, चूकच ती. सुंगटांचं हुमण, म्हणजे कोळंबीचं कालवण, करपलं तरी तिला वास नाही, तेव्हा कुठे डॉक्टरकडे गेलो आणि सीटी स्कॅनमध्ये सायनस, म्हणजे नाकाभोवतीच्या हाडांतल्या पोकळ्या, गच्च भरलेले! नाक आणि श्वासनळ्या जोडलेल्याच ना, वरचा शेंबूड घशातून मागे उतरतो. आता रोज उकळून कोमट केलेल्या मिठाच्या पाण्याने नाक धुते, नळाचं कच्चं पाणी अजिबात नाही. पहिल्या दिवशी मला शिव्याच घातल्या. परवा मात्र स्वतःच म्हणाली, "शेजारी बांगडे भाजतायत वाटतं?"