तानपुरा ऐकू आला!

आज अख्खा रविवार गाडीपायी गेला पण काय आवाज आलाय! जुने कागदी कोनचे स्पीकर काढून साडेसहा इंची कंपोनंट स्पीकर (जाड आणि बारीक आवाजाला वेगवेगळे) बसवले, पण आधी हट्टाने दारांच्या पत्र्याला आतून डॅम्पिंग शीट (थरथर शोषणाऱ्या चिकट पट्ट्या) लावून घेतल्या, कारण पत्रा थरथरला की महागडा स्पीकरही फुकट जातो. आणि एका दाराची प्लस-मायनस वायर उलटी जोडलेली निघाली, म्हणजे दोन दारांचे स्पीकर एकमेकांच्या उलट हलत होते, म्हणून इतकी वर्षं बेस नीट येतच नव्हता!!
संध्याकाळी आईला घेऊन इंदूरहून देवासकडे निघालो, कुमारजींचं (कुमार गंधर्वांचं) निर्गुणी भजन लावलं तर मागचा तानपुरा एकदम स्पष्ट, तारांची जवारी, म्हणजे ती झणझणती गुंजसुद्धा. आई म्हणाली, "अरे, हा आधी होता का यात?"
मग देवास येईपर्यंत दोघंही गप्प. परतताना तीच म्हणाली, परत तेच लाव.