पिंगला उत्तर नाही? रीसेटचं बटण दाबण्याआधी हे बघा

कॅमेरा, एनव्हीआर (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग साठवणारं यंत्र) किंवा प्रिंटर पिंगला (‘नेटवर्कवर आहेस का?’ असं विचारणाऱ्या कमांडला) दाद देत नाही म्हटलं की लोक थेट रीसेट करतात आणि सगळी सेटिंग्ज घालवून बसतात. त्याआधी विंडोज नेमकं काय म्हणतंय ते वाचा. ‘डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल’ आणि त्याच ओळीत तुमच्याच लॅपटॉपचा आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) दिसला, तर त्याचा अर्थ असा की ‘हा आयपी कुणाचा?’ या लॅपटॉपच्या हाकेला नेटवर्कवर कुणीच ओ दिली नाही. ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’ची गोष्ट वेगळी. तिथे पॅकेट निघालं, पण उत्तर आलं नाही.

अ‍ॅडमिन कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘एआरपी -डी’ने (arp -d) कोणता आयपी कुणाचा याच्या जुन्या नोंदी पुसा, पुन्हा पिंग करा आणि लगेच ‘एआरपी -ए’ने (arp -a) नव्या नोंदी बघा. त्या आयपीसमोर मॅक अ‍ॅड्रेस (उपकरणाच्या नेटवर्क कार्डाचा क्रमांक) आला, तर उपकरण चालू आहे, फक्त पिंग अडवलं जातंय. पलीकडे विंडोज पीसी असेल तर पहिला संशय फायरवॉलवर घ्या. नेटवर्क ‘पब्लिक’वरून ‘प्रायव्हेट’ करा आणि इनबाउंड नियमांतला आयसीएमपीव्ही४ एको रिक्वेस्टचा, म्हणजे पिंग आत येऊ देणारा नियम चालू करा. अख्खी फायरवॉल बंद करू नका. प्रिंटर असेल तर पॉवरशेलच्या ‘टेस्ट-नेटकनेक्शन’ने (Test-NetConnection) पोर्ट ९१००, म्हणजे प्रिंटर छपाईचं काम घेतो तो मार्ग, तपासा. तो उघडा असेल तर पिंग येवो न येवो, छपाई होईल.

ठाणे-नवी मुंबईच्या फ्लॅटमध्ये मात्र सगळ्यात जास्त घोळ दोन राउटरचा असतो. फायबर कंपनीचा डबा दाराजवळ, आतल्या खोलीत रेंज मिळेना म्हणून दुसरा राउटर. डब्याचं नेटवर्क १९२.१६८.१, दुसऱ्याचं १९२.१६८.०. आतला लॅपटॉप बाहेरच्या एनव्हीआरला पिंग करू शकतो, उलट दिशेने मात्र नाही, कारण दुसऱ्या राउटरचं नॅट (आतली उपकरणं बाहेरून लपवणारी सोय) आड येतं. इथे एआरपीतही काही दिसणार नाही. दुसरा राउटर अ‍ॅक्सेस पॉइंट मोडवर टाका, म्हणजे तो फक्त वायफाय पसरवेल. तो मोड नसेल तर त्याचं डीएचसीपी (आयपी वाटणारी सोय) बंद करा, त्याला १९२.१६८.१.२ असा रिकामा पत्ता द्या आणि डब्याकडून येणारी केबल वॅन सोडून लॅन पोर्टमध्ये लावा. गेस्ट वायफायवर जोडलेली उपकरणंही एकमेकांना दिसत नाहीत, ते मुद्दाम तसंच ठेवलेलं असतं.

वीज जाऊन आल्यावरच बिघडत असेल, तर एनव्हीआर राउटरच्या आधी उठतोय. डीएचसीपी न मिळाल्याने तो १६९.२५४ने सुरू होणारा पत्ता घेतो किंवा कारखान्यातल्या पत्त्यावर जातो. राउटर पूर्ण सुरू झाल्यावर एनव्हीआर चालू करा.

गॅलरीतल्या कॅमेऱ्याचं दुखणं बहुधा वायरीत असतं. खाडीची दमट हवा आणि पावसाळा यांनी आरजे४५ पिनच्या (नेटवर्क केबलच्या टोकाच्या कनेक्टरच्या) संपर्कावर हिरवट थर चढतो, आणि केबलमधून वीजही जात असेल तर गंज लवकर खातो. काही पिंग येतात, काही गळतात. फुंकर मारून भागत नाही. वायर दोन-तीन इंच कापून नवी पिन क्रिंप करा (दाबून बसवा), वॉटरप्रूफ कव्हर घाला आणि केबलला कनेक्टरच्या खाली झोळ द्या, म्हणजे पाणी तिथूनच टपकेल.

उत्तर येऊ लागलं की राउटरमध्ये त्या मॅकसाठी आयपी राखून ठेवा. फोनसाठी हे करायचं असेल तर त्या वायफायपुरता रँडम मॅक (फोन खऱ्याऐवजी दाखवतो तो बनावट मॅक) आधी बंद करा, नाहीतर मॅक बदलला की राखलेला पत्ता फोनला मिळणार नाही.