७२ खेपा

सोलापूर, जानेवारी. सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेची गर्दी अजून ओसरलेली नाही.

बोट हिवाळ्यापुरती तुर्कस्तानात मार्मारिसला पाण्याबाहेर काढून ठेवली आहे आणि आम्ही दोघं घरी आलोय. भेटेल तो विचारतो, "काय काय बघून आलाव?" आयफेल टॉवर वगैरे ऐकायला मिळेल म्हणून मंडळी सरसावून बसतात. मी म्हणते, एका व्यापाऱ्याचं थडगं. मग चहा येईपर्यंत सगळे गप्प. तोंडी सांगून जमत नाही, तर इथे लिहिते.

शिडाच्या बोटीने फिरायचं म्हणजे रोज नवं गाव, असं लोकांना वाटतं. कुठे उतरायचं ते वारा ठरवतो आणि उतरल्यावर आधी कुठे जायचं ते बोट ठरवते. गॅसची टाकी, डिझेल, धुण्याचं गाठोडं, पंपाचा वॉशर. संग्रहालयाशी पोचावं तर ते बंद व्हायची वेळ झालेली. वर ग्रीसमध्ये व्हिशाचं गणित, १८० दिवसांत फक्त ९०. वाऱ्यापायी अडकून पडलो तरी ते दिवस मोजले जातातच.

असेच अडकलो होतो मालेयाच्या अलीकडे. ग्रीसच्या दक्षिणेकडच्या पेलोपोनीज द्वीपकल्पाचं आग्नेय टोक म्हणजे हे मालेया. एलाफोनिसोस बेटाच्या खाडीत नांगर टाकून, कडक भाकरी आणि शेंगाचटणी खात वारा पडायची वाट बघितली. (बोटीवर कडक भाकरीइतकं भरवशाचं काही नाही, पाव तिसऱ्या दिवशी बुरसतो.) शेवटी निघालो, तर डोंगरावरून वाऱ्याचे झोत कोसळायला लागले. आत्ता शीड लुळं, पुढच्या क्षणी बोट एका कुशीवर. ह्यांचा सगळा जन्म मालवाहू जहाजांच्या इंजिनरूममध्ये गेला, पण वळसा पुरा होईस्तोवर तेही एक शब्द बोलले नाहीत. "मालेया ओलांडलंस की घर विसर" अशी ग्रीकांची म्हण स्ट्राबो या भूगोलकाराने दोन हजार वर्षांपूर्वी नोंदवून ठेवली आहे. खोटी वाटली नाही.

पलीकडे मोनेमवासिया. समुद्रात उभा एक प्रचंड खडक, त्याच्या कुशीत तटबंदीचं गाव आणि माथ्यावर बायझंटाइन काळातलं चर्च. मी चर्च बघत होते, हे खाली बोट बघत होते. नांगर सरकला तर वाजेल असा अलार्म मोबाइलमध्ये लावलेला असतो, तरी दर पाच मिनिटांनी मान वळतेच.

म्हणून खरं फिरणं झालं ते मार्मारिसला बोट मरीनात बांधल्यावर. बसने चारेक तासांवर डेनिझ्ली. पामुक्कलेला जाणारे सगळे तिथे फक्त बस बदलतात. मी हटून बसले, कारण हे गाव टॉवेलचं. माझे वडील यंत्रमागावर होते, चादर आणि टर्किश टॉवेल या दोन गोष्टींवर आमचं घर चाललं. दुकानात मी टॉवेल उलटा केला, काठ चिमटीत धरून ताणला, एक फेरा नखाने ओढून बघितला. घट्ट ताण्याच्या (उभ्या धाग्यांच्या) जोडीने दुसरा ढिला ताणा चालवायचा, तीन बाणे (आडवे धागे) झाले की फणीने एकदम ठोकायचं, म्हणजे तो ढिला ताणा फेरा होऊन वर उभा राहतो. इथेही तेच. वीण चांगली होती, किंमत ऐकून मात्र घडी घालून ठेवला. दुकानदार काय ते समजला. हसला आणि चहा मागवला.

पामुक्कलेचे, गरम झऱ्यांच्या पाण्यातला चुना साचून झालेले पांढरे वाफे फोटोत दिसतात तसेच आहेत. बूट काढून चालावं लागतं, नाहीतर पहारेकरी शिट्टी मारतो. त्यांच्या वरच्या अंगाला हायरापोलिस, रोमन काळातल्या शहराचे अवशेष. इथल्या पाण्यात लोकरीवर रंग फार सुंदर चढतो, हेही स्ट्राबोनेच लिहिलंय. आणि उत्तरेच्या वेशीजवळ ते थडगं, फ्लाव्हियस झ्यूक्सिसचं. दारावर ग्रीक अक्षरं कोरलेली, मजकूर असा, की हा मालेयाला वळसा घालून ७२ वेळा इटलीला गेला आणि त्याने स्वतःसाठी व आपल्या दोन मुलांसाठी हे बांधलं. मुलांची नावं आहेत, बायकोचं नाही. काय माल नेत होता तेही नाही, पण या गावातून कापडाशिवाय दुसरं काय नेणार? समुद्र कितीतरी कोस लांब. सोलापूरसारखंच कापडाचं गाव, आणि तिथला माणूस इंजिनाशिवाय, नकाशाशिवाय, हवामानाच्या अंदाजाशिवाय त्या टोकाला जातो, ७२ वेळा. मी त्या दगडाला हात लावून बराच वेळ उभी होते. लोक बाजूने वाफ्यांकडे चालले होते.

ह्यांचा जीव दुसरीकडेच. तिसऱ्या शतकातल्या एका शवपेटीवर पाणचक्कीवर चालणारी दगड कापायची करवत कोरलेली आहे, क्रँक आणि कनेक्टिंग रॉडसकट, म्हणजे चाकाचं फिरणं पुढे-मागे हालचालीत बदलणाऱ्या दांड्यांसकट. इंजिनवाल्या माणसाला आणखी काय पाहिजे! ती शोधत शोधत थडग्यांमधून हिंडले, परतीची बस चुकायची वेळ आली.

७२ चा हिशेब आमच्यात अजून लागलेला नाही. हे म्हणतात, जाणं-येणं धरून ७२. मी म्हणते, "इटलीला" असं स्वच्छ लिहिलंय, परतीच्या खेपा वेगळ्या. हिवाळ्यात तेव्हा जहाजं बंदरातच असायची, म्हणजे वर्षाला कितीशा होणार? उमेदीची सगळी वर्षं त्यातच गेली असतील.

वसंतात बोट पाण्यात उतरली की पुन्हा पश्चिमेला जायचंय. ह्यांच्या मनात मालेयावरून. पेलोपोनीजच्या वरून आरपार जाणारा कोरिंथचा कालवा १८९३ मध्येच खुला झालाय, वळसा घालायची गरज नाही, असं मी म्हणते. त्याचा टोल महाग, असं ह्यांचं म्हणणं. टोल माझ्या पेन्शनमधून भरू, असं सांगून टाकलंय.